फाशीचा हुकूम आणि घोड्याची मालकी

जून 1857 मध्ये औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रजांच्या हाताखालच्या फौजेच्या पहिल्या घोडदळाने बंड केले. आपल्याला दख्खनबाहेर नेऊन दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढवणार, अशी वदंता स्वारांमध्ये पसरली होती. बंड मोडायला पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली. दफेदार मीर फिदा अली याने आपल्या अधिकाऱ्यावर, कॅप्टन अॅबटवर, गोळी झाडली, आणि छावणीतल्या छावणीत न्याय उरकून त्याला फासावर चढवण्यात आले. मग आणखी काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. शहराच्या स्मृतीत ही शिक्षेची जागा ‘काळा चबुतरा’ म्हणून राहिली. हिंगोली हेही याच कंटिन्जंटचे ठाणे. म्हणून त्या भागालाही हा विषय परका नाही. या शिक्षांवर मराठीत कादंबरी लिहिली जावी, आणि ती स्मारकाच्या कामाची नसावी, असे माझे मत आहे.

स्मारक सगळ्यांना एका रांगेत उभे करते. गोळी झाडणारा, परेडवर गप्प उभा राहिलेला, शेजाऱ्याने घोड्यावर टाच मारली म्हणून मागे निघालेला, हे सारे तिथे एकच हुतात्मे होतात. शिक्षा देणाऱ्यानेही त्यांना असेच एका रांगेत उभे केले होते, हे विसरता कामा नये. दप्तरात उरते ते त्याचेच लेखन: आरोप, निकाल, अंमल. आरोपीला रात्रभर काय वाटले, तो कोणाला दोष देत होता, त्याला परत फिरायचे होते का, हे तिथे सापडणार नाही. आदराने नाव कोरले म्हणून त्या माणसाचा आवाज परत येत नाही.

कायद्याचीही हीच मर्यादा आहे. 17 मार्च 1915 रोजी फ्रान्समध्ये सुआँच्या आघाडीवरच्या चार कॉर्पोरलांना गोळ्या घातल्या. त्यांच्या कंपनीने खंदकातून बाहेर पडायला नकार दिला होता. त्यांतल्या एकाची विधवा ब्लांश मोपा वर्षानुवर्षे लढली, आणि 1934 मध्ये ते निर्दोष ठरले. दुसऱ्याच वर्षी अशाच शिक्षांवरची हम्फ्री कॉबची ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ ही कादंबरी आली. ब्रिटनने पहिल्या महायुद्धात अशाच गोळ्या घातलेल्या 306 सैनिकांना 2006 मध्ये कायद्याने माफी दिली. पण मूळ दोषसिद्धी आणि शिक्षा यांना त्या माफीने धक्का लागत नाही, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. माफी मिळाली तरी शिक्षेची ती पहाट तशीच अंधारात राहिली. तिथे जायचे तर कल्पनाशक्तीच लागते.

अशा कादंबरीवर पहिला आक्षेप शिस्तीचा. युद्धात हुकूम मोडणाऱ्याला सोडले तर सैन्य टिकत नाही. शिवाय निजाम हातचा गेला तर सारी दक्षिण पेटेल, अशी भीती इंग्रजांना होती. ही भीती खरी होती, आणि कादंबरीने ती वुडबर्नच्या तोंडी पूर्ण ताकदीने द्यावी. भीती खरी असली म्हणून घाईघाईचा निकाल न्याय्य होत नाही, एवढे वाचकाला कळते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कादंबरीकार इतिहासात खोटे मिसळेल. त्याने तारखा, नावे, शिक्षा यांना हात लावू नये. जिथे कागद गप्प आहे तिथेच बोलावे.

आणि गप्प जागा थोड्याथोडक्या नाहीत. कंटिन्जंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा सरकारचा नव्हे, शिलेदाराचा; दुसऱ्याच्या घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. घोड्यासकट मिळणारी ही जागा म्हणजे असामी, आणि ती विकत घेता-विकता येई. म्हणजे फाशीच्या हुकुमामागे एका घराची पुंजीही पणाला लागली होती. याच कंटिन्जंटच्या इतर तुकड्या पुढे इंग्रज सेनापती सर ह्यू रोजबरोबर मध्य भारतात लढल्या. एकाच फौजेतून एक भाऊ तोफेच्या तोंडी आणि दुसरा झाशीच्या राणीविरुद्ध, अशी कल्पना करणे अवघड नाही. मला तरी या कादंबरीचा कणा तोच वाटतो. दुसऱ्या भावाला देशद्रोही ठरवले की लेखकाचे काम सोपे होते आणि कादंबरी संपते. तो पगारासाठी, घोड्यासाठी, कदाचित मेलेल्या भावाच्या असामीसाठी गेला, आणि परतल्यावर आईने त्याला काय विचारले, तिथून लिहायला सुरुवात करावी.