बधिर पाऊल

निमूटपणे सोसणाऱ्या माणसाचे आपल्याकडे फार कौतुक होते. ‘एवढे दुखणे, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही हो!’ हे वाक्य मी लहानपणापासून कितीतरी जणांच्या माघारी ऐकले आहे. आपल्याही माघारी कोणी तसे म्हणावे, अशी माझी एक गुप्त महत्त्वाकांक्षा होती. आणि पंधरा वर्षे सोबत करणाऱ्या मधुमेहाने ती पुरी करण्याची संधी मला आणून दिली.

रात्री दिवे मालवले की माझे तळवे पेटतात. बोटांच्या टोकांपासून निघालेली आग घोट्यापर्यंत चढते. मधूनच कोणी दाभणाने टोचावे तशी कळ उठते. जुन्या लुगड्याची मऊ गोधडीसुद्धा पावलांना सोसवत नाही. उठून दिवा लावून पाहावे, तर पाऊल धडधाकट. ना सूज, ना ओरखडा. डॉक्टरांनी उलगडा केला तो असा : रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढती राहिली की मज्जातंतूंना आणि त्यांचे पोषण करणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. ज्यांचा पल्ला सर्वांत लांबचा, ते पावलांचे तंतू आधी बिघडतात. आणि बिघडलेला तंतू काही घडले नसतानाही वर्दी देत सुटतो. आग नाही, पण घंटा वाजतेच आहे!

मग या घंटेपायी घरच्यांची झोप कशाला मोडा? रात्री ओसरीच्या गार फरशीवर येरझारा घालायच्या, आणि सकाळी ‘झोप लागली ना?’ या प्रश्नाला ‘छान’ म्हणायचे, असा मी परिपाठच ठेवला. डॉक्टरांनाही ‘थोडेसे चुरचुरते’ एवढेच सांगितले. त्यांनी नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून पाहिला, तेव्हा काही ठिकाणी तो मला कळलाच नाही. ही गोष्ट तर मी घरी बोललोही नाही. या लपवाछपवीला मी सहनशीलता असे भारदस्त नाव दिले होते.

गेल्या नरकचतुर्दशीला त्या नावाचा मुलामा उडाला. सौभाग्यवतींनी तेल लावले, उटणे दिले; पहाटेचा गारवा होता म्हणून मी दोन्ही पाय कढत पाण्याच्या घंगाळात सोडून मजेत बसलो. फराळाच्या वेळी नात एकदम ओरडली, “आजोबा, तुमच्या पायाला केवढे फोड आलेत!” मला त्याचा पत्ताच नव्हता. रात्री विनाकारण बोंब मारणारे तेच पाऊल खरोखर भाजताना मुके राहिले होते!

सगळ्यांच्या हातातले लाडू हातातच राहिले. पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, पाय बधिर झालेत हे मला ठाऊक असते, तर पाणी मी आधी पाहिले नसते का?” त्या बोलण्यात रागापेक्षा अपमान अधिक होता. जखम भरायला दीड महिना लागला. ते वाक्य मात्र अजून ओले आहे.

पाय वर करून पडून राहण्याच्या त्या दिवसांत डॉ. पॉल ब्रँड यांच्याविषयी वाचनात आले. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे झिजतात ती रोग मांस खातो म्हणून नव्हे, तर वेदना न कळल्याने वारंवार होणाऱ्या जखमांमुळे, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत त्यांनी बधिर हातापायांसाठी कृत्रिम इशारा देणारी यंत्रणा करून पाहिली. पण जो इशारा बंद करता येतो, तो माणसे बंद करतात, असा त्यांना अनुभव आला!

वाचता वाचता मी चमकलो. घर हेही एक शरीरच नाही का? त्यातला जो अवयव आपले दुखणे इतरांना कळू देत नाही, तो शूर नव्हे, तो बधिर. मी माझ्या घराचे बधिर पाऊल झालो होतो.

मग काय, रोज रात्री कण्हून घर जागवावे? तसेही नाही. सोसणे आणि लपवणे या दोन गोष्टींत मी गल्लत करीत होतो. सोसणे माझे मलाच भाग आहे, ते कोणी वाटून घेऊ शकत नाही. पण कळवणे हे आपल्या माणसांचे देणे आहे. ते बुडवून कोणी थोर होत नाही. आणि जखम दिसत नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही, हेही उमगले. डॉक्टरांना सारे खरे सांगितले, तेव्हा मज्जातंतूंच्या वेदनेवर वेगळी औषधे असतात हे कळले. आग विझली नाही; धग उतरली.

आता रोज रात्री नात आरसा धरून माझे तळवे तपासते. यंदाचे अभ्यंगाचे पाणी आधी पत्नीच्या कोपराला लागेल, मग माझ्या पावलाला. माघारी मिळायच्या त्या प्रशस्तिपत्राचा अर्ज मी मागे घेतला आहे. सकाळी कोणी झोपेचे विचारले, की जशी लागली तशी सांगतो. आणि एखाद्या रात्री खरोखरच छान लागली, तर त्या ‘छान’वर आता घरचे विश्वास ठेवतात.