मालकी कोणाची आणि अभिमान कोणाचा?

गेल्या महिन्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या गावाहून दादांचे पत्र आले. सोबत दोन कागद होते. वडील वारल्यापासून त्यांच्या नावावरील ठासणीची बंदूक कायद्याप्रमाणे पोलीस ठाण्यात ठेवलेली आहे. ती दादांच्या नावावर व्हावी यासाठी माझी संमती, हा पहिला कागद; ती कायमची सरकारजमा करण्यास माझी संमती, हा दुसरा. दादांनी लिहिले होते, “माझे मन जमा करण्याकडे आहे. पण तू शिकलेला आहेस. तू म्हणशील तसे करू.”

पत्र वाचताच माझ्या तोंडून निघाले, “जमा? मुळीच नाही!” पत्नीने शांतपणे विचारले, “तुम्ही ती कधी उडवली आहे का?” उडवली नव्हती. दसऱ्याला तिच्यावर फूल वाहण्यापलीकडे माझा तिच्याशी काही संबंध आलेला नव्हता. मग हा अभिमान आला कोठून? आणि त्याला माझ्या निर्णयात मत देण्याचा अधिकार आहे का? हा प्रश्न बंदुकीपुरता नाही, असे वाटल्यावरून तो वाचकांपुढे मांडीत आहे.

पुढच्या रविवारी गंगा ओलांडून रामनगरला गेलो. काशीनरेशांच्या किल्ल्यातील संग्रहालयात पालख्या, जुन्या मोटारी आणि हस्तिदंती वस्तू यांच्यासमवेत शस्त्रेही मांडलेली आहेत. काचेआडच्या त्या लांबच लांब बंदुका पाहताना लक्षात आले, की बंदुकीची पारख माणूस तीन गोष्टींवरून करीत आला आहे: नेम, किंमत आणि ती जवळ बाळगण्यातील अभिमान. पहिल्या दोन गोष्टी मोजता येतात. तिसरी मोजता येत नाही, आणि बहुधा तीच निर्णय करते.

ठासणीच्या बंदुकीची रीत कष्टाची. नळीच्या तोंडातून बेताची दारू ओतावयाची, बोळा घालून गजाने ठासावयाची, वर गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. आपण एखादी गोष्ट ‘ठासून’ सांगतो तेव्हा हीच क्रिया नकळत बोलतो. बार पेटविण्याच्या तऱ्हा मात्र काळानुसार बदलल्या. तोड्याच्या बंदुकीत जळती जामगी रंजकावर टेकत असे. चकमकीच्या बंदुकीत गार पोलादावर आपटून ठिणगी पडे. आणि टोपीच्या बंदुकीत घोडा स्फोटक भरलेल्या टोपीवर पडताच आत बार होई. आमची बंदूक या शेवटच्या जातीची.

नेमाचा विचार केला तर आपली जुनी तोड्याची बंदूक कमी नव्हती. तिची नळी लांब. भरण्यास वेळ लागे, पण सावकाश नेम धरणाऱ्याच्या हातात ती दूरवर मार करी. कंपनीच्या पलटणींची चकमकीची बंदूक भरण्यास सोपी होती. शिकलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. परंतु तिची नळी आतून सपाट व गोळी सैल असल्यामुळे शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर धरलेला नेम लागेलच, याची हमी नसे. म्हणून एकाने नेम धरण्यापेक्षा शंभरांनी एकदम बार काढण्यावर तिची सारी भिस्त. नळीत पेच पाडले की गोळी फिरत व सरळ जाते, हे ठाऊक होते. पण पेचात घट्ट बसणारी गोळी ठोकून उतरविण्यात फार वेळ जाई. १८४९ मध्ये मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने बुडाशी पोकळ असलेली गोळी काढली. ती सहज आत जाई आणि बार होताच फुगून पेचांत बसे. या तत्त्वावरची १८५३ ची एन्फील्ड बंदूक शेकडो यार्डांवर नेम साधू लागली. तिच्याच काडतुसांवरून १८५७ चा वणवा पेटला; त्या जूनमध्ये येथे बनारसच्या छावणीतही शिपायांची हत्यारे काढून घेताना गोळीबार झाला.

त्यानंतरची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हिंदी शिपायांसाठी इंग्रजांनी पुढे जी बंदूक बनविली, ती दिसावयास एन्फील्डसारखीच होती. मात्र नळीतील पेच नव्हते. बाह्य रूप तेच, खांद्यावरचा डौल तोच. नेम तेवढा काढून घेतलेला. शिपायाच्या हाती अभिमान ठेवला, सामर्थ्य ठेवले नाही. म्हणजे सत्ताधाऱ्यांना हे दोन वेगळे करता येतात, हे नीट कळत होते. ते आपल्यालाही कळावयास हवे.

आता किंमत. महादजी शिंद्यांसाठी द बॉयनने कवायती पलटणी उभारल्या, तेव्हा सँगस्टर नावाच्या स्कॉच माणसाने आग्र्यास तोफा ओतण्याचे व बंदुका घडविण्याचे काम चालविले. त्याची बंदूक सुमारे दहा रुपयांस पडे आणि विलायती बंदुकीच्या तोडीची असे, असे इतिहासकार लिहितात. दुसरीकडे संस्थानिकांच्या शस्त्रागारांतील बंदुकांवर सोन्याची वेलबुट्टी आणि नळीच्या तोंडाशी वाघाचा जबडा कोरलेला आढळतो. सोन्याने नेम सुधारत नाही. किमतीतील हा सारा फरक अभिमानाचा होता, आणि धन्याने तो खुशीने दिला.

अभिमानाला मी निरर्थक म्हणत नाही. मालकीने जिव्हाळा येतो, हे खरेच आहे. कचेरीतील खुर्ची मोडली तर आपण अर्ज करतो. घरची मोडली तर खिळा घेऊन बसतो. परंतु याच मालकीची दुसरी बाजू मराठ्यांच्या लष्कराने फार पूर्वी ओळखली होती. शिलेदाराचा घोडा व हत्यार स्वतःचे, बारगिराचे सरकारी. शिलेदाराचा मान मोठा. पण घोडा पडला तर नुकसान त्याचे, म्हणून ऐन प्रसंगी तो घोडा जपण्याचा संभव अधिक. शिवछत्रपतींनी पागेतील बारगिरांवर अधिक भर दिला, त्यामागे हा अनुभव असला पाहिजे. स्वतःची वस्तू माणूस जपतो. पण जपता जपता ती कशासाठी घेतली हेच विसरण्याची भीती असते.

उपयोगावाचून नुसता धाक किती तकलादू असतो, याची साक्ष याच नगरीत आहे. १६ ऑगस्ट १७८१ रोजी वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंगास शिवाला घाटावरील वाड्यात कैद केले. पहाऱ्यावर शिपायांच्या दोन कंपन्या होत्या. त्यांच्याजवळ बंदुका होत्या. दारूगोळा मात्र बरोबर आणलाच नव्हता. राजाची माणसे चालून आली, पहारेकरी कापले गेले आणि चेतसिंग नदीच्या बाजूने उतरून रामनगरला निसटला. हेस्टिंग्जला स्वतःला चुनारला पळ काढावा लागला. सत्तेचे नाव पुरेसे आहे, ही घमेंड त्या रिकाम्या नळ्यांत भरलेली होती. आज त्या घाटावरून जाताना मला ते मेलेले शिपाईच आधी आठवतात. घमेंड दुसऱ्याची होती. किंमत त्यांनी दिली.

येथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागले. १९५९ चा शस्त्र कायदा पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय करतो. वडिलांना तो त्याच कारणासाठी मिळाला होता. भात पोसू लागले की रानडुकरे उतरत आणि रात्री माळ्यावरून ते एखादा बार काढीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परवानगीवाचून जनावर मारणे गुन्हा. म्हणून बहुधा नुसत्या दारूचा आवाज. बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुवावयाची, पुसावयाची, तेल द्यावयाचे. न दिल्यास दारूच्या राखेने ती आतून खाल्ली जाते. परवान्याचे नूतनीकरण, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करणे, संपली की परत आणणे. वडील थकल्यावर ही सारी यातायात दादांनी केली. तालुक्याच्या फेऱ्या त्यांनी घातल्या, रात्री जागून काढल्या त्यांनी. मी दूर बनारसमध्ये फाईलींवर टिपणे लिहीत होतो आणि सहकाऱ्यांना चहाच्या वेळी सांगत होतो, “आमच्या घरी बंदूक आहे हो!”

अर्थात माझा अभिमान म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेली बंदूक होती. ज्याचे ओझे आपण वाहत नाही, त्याचा अभिमान मिरविणे ही एक सभ्य लबाडीच आहे. आपण परप्रांतात राहणारे या लबाडीस अधिक बळी पडतो. गावचे घर पडू देऊ नये, देवाचा उत्सव मोडू नये, जमीन विकू नये, असे आपण दुरून ठासून लिहितो. कौले मात्र तिथला भाऊ चढवितो. वारसा राखण्याचा आपला आग्रह पुष्कळदा असा असतो, की आपण सोडलेल्या घराचा आपल्याला लागलेला दोष दुसऱ्याने आयुष्य घालून फेडावा.

कोणी म्हणेल, मग वारशाला काहीच मोल नाही का? आहे, पण त्याचा निर्णय वाहणाऱ्याने करावा. एखाद्याला दुरून वाटणारा जिव्हाळाही खरा असू शकतो. तसा तो असेल, तर त्याने ओझ्याचा काही भाग मागून घ्यावा. मी बंदूक येथे आणू शकत नाही आणि आणावीही असे नाही; येथे माझे शेत नाही, डुकरे नाहीत. तेव्हा माझ्याजवळ राहते ती केवळ हौस, आणि हौसेखातर घरात हत्यार ठेवावे असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कागदांवर सह्या केल्या आणि दादांना लिहिले, “दोन्ही पाठवीत आहे. हवा तो वापरा, दुसरा फाडून टाका. बंदूक ठेवलीत तर नूतनीकरणाचा खर्च यापुढे माझा. जमा केलीत तर कुंपणासाठी काय लागेल ते कळवा. मी काही म्हणणार नाही.” शेवटचे वाक्य लिहिताना हात अडखळला, हे कबूल केले पाहिजे. दादांचे उत्तर अजून आलेले नाही.