अशुद्ध गणलेला मजूर

गेल्या आषाढांत विचुंबे येथें एका ख्रिस्ती कुटुंबांत सायंप्रार्थनेस जाण्याचा योग आला. पनवेलीजवळचें, गाढी नदीच्या खोऱ्यांतलें हें गांव ज्यांनीं वीस वर्षांपूर्वीं पाहिलें असेल, त्यांस तें आज ओळखूं येणार नाहीं. जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें इमारती उभ्या राहिल्या, आणि २०१३ सालीं हा मुलूख नव्या विमानतळाच्या प्रभावक्षेत्रांत घातल्यापासून उरलेल्या बांधांकडेही लोक मोजणीच्या नजरेनें पाहूं लागले आहेत. ह्या कुटुंबानें मात्र दोन खाचरें राखिलीं आहेत, व जुनें कौलारू घरही राखिलें आहे.

दिवेलागणीस आम्ही ओटीवर बसलों असतां वळचणीच्या फटींतून एकामागून एक पाकोळ्या बाहेर पडूं लागल्या. चाळीस मोजल्या, पुढें मोजणें सोडिलें. घरधन्यानें विचारिलें, "पाळकसाहेब, ह्यांचें काय करावें? थोरला मुलगा म्हणतो धुरी देऊन घालवूं. आई म्हणते राहूं द्या, त्या कोणाचें काय खातात? शास्त्रांत तर ह्यांस अशुद्धच म्हटलें आहे ना?"

मीं त्या रात्रीं उत्तर दिलें नाहीं. त्याचें कारण प्रथम सांगितलें पाहिजे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका भाताच्या मुलुखांत नेमलेला होतों. तेथील प्रार्थनामंदिराच्या तक्तपोशीवर पाकोळ्यांचें बिऱ्हाड होतें. बांकांवर लेंड्या पडत, वास येई, व बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसमोर आम्हांस लाज वाटे. पंचांनीं ठराव केला कीं सर्व भोंकें बुजवावीं. मीं त्यांत एक दयेची सुधारणा सुचविली. रात्रीं पाकोळ्या बाहेर गेल्या म्हणजे मग बुजवावीं, अर्थात् एकही जीव आंत मरणार नाहीं. सर्वांस ती पसंत पडली. पावसाचा आरंभ होता. रात्रीं कंदील धरून आम्हीं सिमिटानें सर्व फटी लिंपल्या, आणि पहांटे पाहतों तों बाहेर गेलेल्या पाकोळ्या परत येऊन भिंतीभोंवतीं घिरट्या घालीत आहेत. त्यांची पिलें आंत होतीं. दोन दिवस तक्तपोशींतून बारीक चिरचिर ऐकूं आली. तिसऱ्या दिवशीं ती थांबली. देवाच्या वेदीपाशीं पांखरांस पिलांसाठीं ठाव मिळाल्याचें वर्णन ८४व्या स्तोत्रांत आहे. तें मीं त्याच मंदिरांत कितीदां तरी वाचून दाखविलें होतें! आम्ही कोणी क्रूर नव्हतों. आम्हांस त्या प्राण्याविषयीं कांहीं ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक करून घ्यावें इतकी त्याची किंमत आम्हीं धरिली नव्हती, एवढेंच.

तेव्हां आधीं तो प्राणी कोण हें पाहूं. वटवाघूळ हें पांखरूं नव्हे. तें अंडीं घालीत नाहीं, पिलांस दूध पाजतें. जगांत त्याच्या १४०० हून अधिक जाती आहेत, त्यांतील बहुतेक किडे खाणाऱ्या. वडापिंपळावर लोंबकळणारीं मोठीं वाघुळें फळें खातात. आपल्या घरांतील लहान पाकोळ्या फळांस तोंड लावीत नाहींत. कांहीं जातींची पाकोळी तर अंगठ्याएवढी, वजनानें दोनचार ग्रॅम. ती आंधळी नसते. तोंडानें मनुष्यास ऐकूं न येणारा नाद काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून ती अंधारांत पतंग टिपते. हें रहस्य १९३८ सालीं अमेरिकेंत ग्रिफिन नांवाच्या तरुण शोधकानें उपकरणाच्या साह्यानें उघड केलें. एका रात्रींत ती आपल्या वजनाच्या निम्म्याइतके किडे सहज खाते, आणि अंगावर पाजणारी मादी जवळजवळ आपल्या वजनाइतके. उलट तिची वाढ मंद आहे. वर्षास एक पिलूं, फार तर दोन, तींही बहुधा पावसाच्या सुमारास, म्हणजे किड्यांचा सुकाळ असतो तेव्हां. एक बिऱ्हाड मोडलें तर तें भरून येण्यास वर्षें लागतात.

आतां भाताच्या शेतकऱ्याचे शत्रू कोण? खोडकिड्याचा पिवळसर पतंग दिवसा लपून राहतो व रात्रीं उडतो. मादी पानाच्या शेंड्याजवळ अंडीं घालून त्यांवर केसांचें पांघरूण घालते. त्यांतून निघालेली अळी खोडांत शिरली कीं आंतला पोगा सुकतो, आणि पोटरींतून बाहेर आलेली लोंबी पांढरी व दाण्यावांचून उभी राहते. अळी एकदां खोडांत शिरली म्हणजे औषध तिच्यापर्यंत कष्टानेंच पोहोंचतें. परंतु तिची आई रात्रीं हवेंत असते, आणि त्या वेळीं हवेंत पाकोळीही असते. तुडतुड्यांचेंही तसेंच. तेही रात्रीं उंच उडून एका मुलुखांतून दुसऱ्यांत जातात.

हा केवळ तर्क नव्हे. थायलंड देशीं डोंगरांतील गुहांत राहणारीं वटवाघुळें पांढऱ्या पाठीचे तुडतुडे खातात. हाच किडा आपल्याकडील भातावरही पडतो. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणें त्या एका जातीच्या वटवाघुळांमुळें त्या देशांत दरसाल सुमारें २,९०० टन भात वांचतें. सुमारें २६,००० माणसांचें तें वर्षाचें अन्न. स्पेन देशांत एब्रो नदीच्या मुखाजवळच्या भातशेतींत लोकांनीं लांकडी पेट्या टांगून वटवाघुळांस घरें दिलीं, आणि तेथील खोडकिड्याचा उपद्रव उतरत गेला.

उलट बाजूची साक्ष अमेरिकेंतील आहे, आणि ती वाचून मला झोंप आली नाहीं. २००६ सालीं न्यूयॉर्क प्रांतांतील एका गुहेंत वटवाघुळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. पुढें त्या रोगानें लाखों वटवाघुळें मेलीं. शिकागो विद्यापीठांतील एका अर्थशास्त्रज्ञानें २०२४ सालीं दाखविलें कीं ज्या परगण्यांत तीं मेलीं तेथील शेतकऱ्यांनीं कीटकनाशकाची फवारणी सुमारें ३१ टक्के वाढविली, आणि त्याच परगण्यांत तान्ह्या मुलांचे मृत्यू सुमारें ८ टक्क्यांनीं वाढले. वटवाघूळ गेलें, त्याचें काम विषानें केलें, आणि विषाचा हिशेब पाळण्यांत चुकता झाला.

आतां शास्त्राचा प्रश्न. लेवीय ११:१९ व अनुवाद १४:१८ येथें वटवाघुळाचें नांव न खाण्याच्या प्राण्यांत आहे हें खरें. परंतु ती यादी ताटाची आहे, फांसाची नव्हे. पनवेलींत बेने इस्राएल लोकांचें सभास्थान आहे. ते ही यादी आपल्यापेक्षां कितीतरी निष्ठेनें पाळीत आले, म्हणून कोणी यहूदी गरुडास किंवा घुबडास मारीत सुटला असें ऐकिलें आहे काय? मोशेनें 'खाऊं नका' म्हटलें. 'द्वेष करा' असें म्हटलें नाहीं. आम्ही ज्यांस यादींतली डुकरें व कोळंबी चालते, ते वटवाघुळापाशीं आलों म्हणजेच लेवीय उघडून बसतों, ही गंमत आहे. ज्या चादरीवरून पेत्राचा नियम मोडला (प्रेषितांचीं कृत्यें, १० वा अध्याय) त्याच चादरीच्या बळावर आपल्या आजोबापणजोबांस मंडळीचें दार उघडलें, हें विसरूं नये.

ह्या ठिकाणीं मला एक नाजूक गोष्ट बोलावयाची आहे. मी मनुष्याची व पाकोळीची तुलना करीत नाहीं. निवाड्याच्या रीतीविषयीं बोलतों. माझे पणजोबा गांवकुसाबाहेर राहत. रात्रीं गांवाची राखण करीत, मेलेलें ढोर ओढीत, सरकारी टपाल धांवत पोहोंचवीत, आणि सकाळीं त्यांची सावली पडूं नये म्हणून लोक बाजूस सरत. आपल्या मंडळ्यांत पुष्कळांच्या घरीं हीच कथा आहे. काम घ्यावयाचें, आणि करणाऱ्यास विटाळ म्हणावयाचें, हा निवाडा कसा लागतो तें आपणांस पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. तोच निवाडा आपल्या हातीं आला असतां आपण कोणत्या तोंडानें तो दुसऱ्या जिवावर चालवावा?

कोणी म्हणेल, ठीक आहे, तीं उपयोगी आहेत म्हणून राखूं. येथें मात्र मला थांबावेंसें वाटतें. माझ्या पणजोबांसही गांवानें उपयोगी म्हणूनच राखिलें होतें. उपयोगासाठीं राखणें म्हणजे न्याय नव्हे. उपयोग सरला कीं तें राखणेंही सरतें. बारापेडे गुहेची गोष्ट पहा. बेळगांव जिल्ह्यांत खानापूर तालुक्यांत, तळेवाडीजवळ ही गुहा आहे. १९१२ सालीं तेथें किडे खाणारी एक मोठी जात सांपडली, ती आज रॉटनचें वटवाघूळ ह्या नांवानें ओळखली जाते. ती दुर्मिळ म्हणून कायद्यानें तिला वाघाच्या पंक्तीस बसविलें. परंतु त्याच १९७२ च्या कायद्यानें फळें खाणारीं वाघुळें कावळे व उंदीर ह्यांच्याबरोबर उपद्रवी म्हणून लिहिलीं होतीं. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीनें गेली. दुर्मिळास मान, उपद्रव्यास मरण, आणि घरच्या साध्या पाकोळीचें नांवही नाहीं. मनुष्याचा कायदा ह्यापेक्षां फार पुढें जाऊं शकत नसेल. पण फळें खाणारें वाघूळही टेटूच्या फुलांस फळ धरवितें व मोहाचें बीं रानांत पेरतें, हें पेरू कुरतडलेला पाहून रागावलेल्या माणसास कसें दिसावें? योनाच्या पुस्तकाच्या अगदीं शेवटीं देव निनवे शहराच्या लेंकरांबरोबर तेथील गुराढोरांचाही हिशेब धरितो. तीं गुरें कोणाच्या कामाचीं होतीं हें तो सांगत बसत नाहीं.

मग उपयोगाची गोष्ट बोलूंच नये काय? बोलावी, पण तिच्या जागीं. ती राखण्याचें कारण नव्हे, ती मजुरी चुकविण्याचें कारण आहे. मळणी करणाऱ्या बैलाचें तोंड बांधूं नये हा नियम अनुवाद २५:४ येथें आहे. पौलानें तो सुवार्तिकाच्या पोटास लाविला, म्हणून तो भाग उपदेशकबंधूंस चांगला पाठ असतो. तो मूळचा बैलासाठीं होता हें तितकें पाठ नसतें. याकोब ५:४ येथें अडवून ठेवलेल्या मजुरीची ओरड आहे. पाकोळी आपल्या शेतांत रात्रभर राबते; तिची मजुरी एक फट, एक वाळलेलें ताडाचें झांप, एक जुनें कौल. त्यापलीकडे तिनें कधीं कांहीं मागितलें नाहीं.

तथापि भीति खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें २०२० सालीं महाबळेश्वराजवळच्या एका गुहेंतील वटवाघुळें तपासलीं, तेव्हां त्यांत निपाह रोगाच्या खुणा आढळल्या. आणि २०१८ सालीं केरळांत त्या रोगानें माणसें गेलीं. म्हणून वटवाघुळास हातांत धरूं नये. मुलांस सक्त ताकीद द्यावी. तें चावलें तर जखम साबणानें धुवून त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें, कारण पिसाळाचें विष त्यांतून येऊं शकतें. उष्टावलेलें फळ खाऊं नये. लेंड्या झाडतांना तोंडास फडकें बांधावें व आधीं पाणी शिंपडावें. छेडलेलें व धुरानें घाबरून घरभर उडणारें वटवाघूळ आपल्या कोपऱ्यांत निजलेल्यापेक्षां अधिक धोक्याचें, हेंही ध्यानांत असावें.

आणि खरोखरच अडचण असेल, चुलीवर किंवा पाळण्यावर घाण पडत असेल, तर पाकोळ्यांस हलविणें हें पाप नव्हे. फक्त वेळ पहावी. पिलें उडूं लागेपर्यंत हात लावूं नये. भात कापून झाल्यावर फटीवर वरून जाड कापडाचा पडदा सोडावा, म्हणजे त्या बाहेर जातील, परंतु आंत येणार नाहींत. आठ दिवसांनीं, आंत कोणी नाहीं अशी खात्री झाल्यावर, फट बुजवावी. आणि त्याआधीं गोठ्याच्या भिंतीस उंचावर खरबरीत फळ्यांची, खालून उघडी अशी अरुंद पेटी टांगावी.

हें सर्व मीं विचुंब्यास श्रावणांत कळविलें, माझ्या हातून घडलेल्या गोष्टीसहित. थोरला मुलगा शहाणा आहे, तो म्हणाला, "धुरी राहूं द्या, पण माझ्या खोलीवरची फट दिवाळीनंतर बुजवणार." आजीबाईंनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं वळचणीखालीं एक जुनें गोणपाट पसरून ठेविलें आहे. त्यावर पडलेल्या लेंड्या त्या आठवड्यास झाडून परड्यांतल्या वालाच्या मांडवास घालतात. पेटीसाठीं फळ्या कापून झाल्या आहेत, आणि ती कोणत्या भिंतीस टांगावी ह्यावर मायलेंकांचें अजून एकमत व्हावयाचें आहे.