गर्दीत मिसळून जाण्याचा हक्क

सातारा

चि. सानिका,

तुझा मेल वाचला. कुकीज नाकारतेस, खासगी काही शोधायचं असलं की इन्कॉग्निटो खिडकी उघडतेस, व्हीपीएनचे पैसेही भरतेस, आणि विचारतेस, "आत्या, आता तरी मला कोणी ओळखणार नाही ना?" ओळखू शकतात, सानिका. कसं ते नीट सांगते, कारण हा विषय एकदा समजला की माणूस भलत्या ठिकाणी भरवसा ठेवत नाही.

आधी तुझे तीन उपाय काय करतात ते पाहू. कुकी ही संकेतस्थळानं तुझ्याच संगणकात ठेवलेली नोंद. नेटस्केपमधल्या लू मोंटुली यांनी ती १९९४ मध्ये आणली, ती संकेतस्थळाला आपला ग्राहक लक्षात राहावा म्हणून. नोंद तुझ्याकडे असते, त्यामुळे ती तुला दिसते आणि पुसताही येते. इन्कॉग्निटो खिडकी बंद केली की त्या वेळच्या कुकीज आणि इतिहास जातो. व्हीपीएन तुझा आयपी पत्ता झाकतो. ही तिन्ही कामं खरी आहेत. पण तुझा संगणक तिन्ही वेळा तोच राहतो, आणि ब्राउझर फिंगरप्रिंटिंगची नजर नेमकी त्या संगणकावर असते.

पान उघडताच त्यातली जावास्क्रिप्ट ब्राउझरला साधे प्रश्न विचारू शकते. पडद्याची रुंदी-उंची किती? घड्याळ कुठल्या प्रदेशाचं? भाषा कोणत्या, आणि कोणत्या क्रमानं? ग्राफिक्स कार्ड कुठलं? पडदा स्पर्शाचा आहे का? फॉन्ट कोणकोणते बसवले आहेत? फॉन्ट ओळखायची युक्ती अशी, की एखादा शब्द न दिसेल अशा रीतीनं त्या फॉन्टमध्ये मांडायचा आणि त्याची रुंदी मोजायची. रुंदी बदलली, म्हणजे तो फॉन्ट या संगणकात आहे. पान नीट मांडण्यासाठी यातली बरीच माहिती खरोखर लागते, म्हणून ब्राउझर ती देतो. सुटं सुटं पाहिलं तर एकाही उत्तरात तुझं नाव नाही. सगळी उत्तरं एकत्र केली की जे तयार होतं, तो तुझ्या ब्राउझरचा ठसा.

२०१२ मध्ये सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कीटन मॉवरी आणि होवाव शाचम यांनी याहून बारीक गोष्ट दाखवून दिली. ब्राउझरला एक अदृश्य चित्र काढायला सांगायचं: थोडी अक्षरं, थोडे आकार. प्रत्येक संगणक ते काढतो, पण ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर, अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची पद्धत यांत फरक असल्यानं ठिपक्याठिपक्यांत फरक पडतो. डोळ्याला तो दिसत नाही, यंत्राला दिसतो. याला कॅनव्हास फिंगरप्रिंटिंग म्हणतात. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, बेल्जियममधलं ल्यूव्हन विद्यापीठ आणि अमेरिकेतलं प्रिन्स्टन इथल्या संशोधकांनी जगातली सर्वाधिक पाहिली जाणारी १ लाख संकेतस्थळं तपासली. त्यांतल्या साडेपाच टक्क्यांहून अधिक ठिकाणी ही युक्ती वापरात होती. २०१६ मध्ये प्रिन्स्टनच्या स्टीव्हन एंगलहार्ट आणि अरविंद नारायणन यांनी १० लाख संकेतस्थळं पाहिली, तेव्हा आवाजावर प्रक्रिया करण्याच्या सोयीतूनही ठसा काढला जात असल्याचं आढळलं. बॅटरी किती उरली हे सांगणारी सोयही अशीच वापरता येते असं दिसल्यावर फायरफॉक्सनं २०१७ मध्ये ती संकेतस्थळांसाठी बंद करून टाकली.

आता हिशेब पाहा. जगातल्या आठशे कोटींहून अधिक माणसांतून एकच निवडायला किती प्रश्न लागतील? प्रत्येक उत्तरानं उरलेली माणसं निम्मी होत असतील, तर फक्त ३३. म्हणजे फार माहिती लागतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेतल्या पीटर एकर्सली यांनी २०१० मध्ये पॅनॉप्टिक्लिक हा प्रयोग केला. ४,७०,१६१ ब्राउझरांचे ठसे जमले, आणि त्यांतले ८३.६ टक्के एकमेव निघाले. त्यांच्यासारखा दुसरा त्या साठ्यात नव्हता. एकर्सली यांनी आणखी एक गोष्ट तपासली. ब्राउझर अद्ययावत केला की ठसा बदलतो, मग माग तुटतो का? साध्या अंदाजाच्या पद्धतीनं त्यांनी जुना आणि नवा ठसा जोडून पाहिला, आणि जिथे अंदाज बांधला तिथे तो ९९ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर आला.

या प्रयोगात मुळात सावध असणारी माणसं जास्त होती. म्हणून २०१८ मधला फ्रान्समधला अभ्यासही तुझ्यासमोर ठेवते. एका मोठ्या फ्रेंच संकेतस्थळावर सर्वसाधारण वाचकांचे २० लाखांहून अधिक ठसे तपासले, तेव्हा ३३.६ टक्केच एकमेव होते, आणि मोबाइलमध्ये तर त्याहून कितीतरी कमी. हजारो लोकांकडे एकाच मॉडेलचा, एकाच सेटिंगचा फोन असतो, म्हणून ते एकमेकांआड झाकले जातात. ही गोष्ट लक्षात ठेव. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता तुझ्याकडे वळते. तू आखेनला आहेस. तुझ्या संगणकाचं घड्याळ बर्लिनचं, ब्राउझरच्या भाषांत पहिली मराठी, मग इंग्रजी, मग जर्मन. तुमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तू देवनागरीचे डझनभर फॉन्ट बसवलेस. साताऱ्यात मराठी भाषा आणि देवनागरी फॉन्ट यांत विशेष काही नाही. आखेनमध्ये ही सरमिसळ किती जणांकडे असेल? परदेशातल्या मराठी माणसाला त्याची भाषाच वेगळं पाडते. म्हणून मराठी काढून टाक, असं मी मुळीच म्हणणार नाही. संगणकावर मराठी चालावी म्हणून लोकांनी आयुष्यं वेचली आहेत. आपल्या भाषेत वाचायची किंमत पाळतीच्या रूपात मोजावी लागू नये, हे माझं म्हणणं आहे.

सावध माणूस इथे एक उलटी गोष्ट करून बसतो. तो सात-आठ एक्स्टेंशन बसवतो, ब्राउझरला खोटं नाव सांगायला लावतो, जावास्क्रिप्ट अर्धीमुर्धी बंद करतो. एकर्सलींच्या साठ्यात असे ब्राउझर सापडले, जे आपण आयफोन असल्याचं सांगत होते आणि त्याच वेळी फ्लॅश असल्याचंही दाखवत होते. आयफोनवर फ्लॅश कधी चाललंच नाही. ज्या वेषानं लपायचं त्याच वेषानं ते उघडे पडले. वारीत पांढरा सदरा, टोपी आणि गळ्यात टाळ असलेला माणूस लाखांत मिसळून जातो. आपल्याला कोणी ओळखू नये म्हणून तोंडाला काळं कापड गुंडाळून जो चालेल, त्याच्याकडे सगळी वारी बघेल. फिंगरप्रिंटिंगपासून वाचायचं तर वेगळं होऊन भागत नाही, सारखं व्हावं लागतं.

टॉर ब्राउझर याच विचारावर बांधला आहे. तो वापरणारे सगळे शक्य तितके एकसारखे दिसावेत, अशी त्याची रचना आहे. घड्याळ सगळ्यांचं यूटीसी, फॉन्ट ठरावीक, आणि खिडकी लहान-मोठी केली तरी कडेला पट्टे सोडून पानाला ठरावीक मापाचीच जागा. त्यातल्या बऱ्याच गोष्टी पुढे फायरफॉक्सनं घेतल्या. शिवाय जानेवारी २०२० पासून ज्ञात फिंगरप्रिंटिंग करणाऱ्यांना तो आपण होऊन अडवतो. सफारीनं २०१८ पासून संकेतस्थळांना यंत्राची माहिती सोपी, सरसकट करून द्यायला सुरुवात केली. तू बसवलेले फॉन्टही ती दाखवत नाही. ब्रेव्हचा मार्ग वेगळा. तो उत्तरांत किंचित फेरफार करतो आणि प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा ठसा देतो, म्हणजे दोन ठिकाणचे ठसे जोडता येत नाहीत.

तेव्हा तू असं कर. रोजच्या कामाला फायरफॉक्स, सफारी किंवा ब्रेव्ह यांपैकी एक घे, तो अद्ययावत ठेव, आणि त्यातलं संरक्षण कडक पातळीवर लाव. एक चांगला जाहिरात-रोधक पुरे. बाकीची एक्स्टेंशन काढून टाक. दिवाळी अंकाची मांडणी आणि मराठी वाचन याच ब्राउझरवर कर, बिनधास्त कर. आजाराबद्दल, कायद्याबद्दल, कोणालाही कळू नये असं काही वाचायचं झालं, तर टॉर ब्राउझर उघड. त्याच्या सेटिंगला हात लावू नकोस, त्यात काही भर घालू नकोस, आणि त्यात आपल्या नावाच्या खात्यात लॉग-इन करू नकोस, कारण स्वतःच नाव सांगितल्यावर ठशाची गरज उरत नाही. तो हळू चालतो, काही संकेतस्थळं त्याला अडवतात. तेवढं सोसावं लागेल. तुझा ठसा किती वेगळा आहे हे पाहायचं असेल तर पॅनॉप्टिक्लिकचं आजचं रूप, कव्हर युवर ट्रॅक्स, उघडून बघ.

प्रत्येक ठसा वाईट हेतूनंच घेतला जातो असंही नाही. अनोळखी यंत्रावरून खात्यात शिरायचा प्रयत्न झाला तर बँकेला तो ओळखता यावा, हे आपल्याच हिताचं आहे. पण ज्या संकेतस्थळाशी तुझा व्यवहारच नाही, त्यातल्या तिसऱ्याच कंपनीनं तुला न विचारता ठसा घ्यावा आणि तू कुठे कुठे गेलीस ते जोडत बसावं, यात तुझं कसलं हित? आणि ही नुसती शंका राहिलेली नाही. २०२५ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांच्या अभ्यासात ठसा बदलल्यावर जाहिरातदारांच्या बोलीही बदलताना दिसल्या. कुकीला निदान नकार देता येतो. ठसा घेतला गेल्याचं कळतच नाही, मग नकार देणार कधी?

२०१९ मध्ये गूगलनं जाहीरपणे म्हटलं होतं की फिंगरप्रिंटिंगमुळे वापरणाऱ्याच्या हातातली निवड जाते आणि हे चूक आहे. त्याच गूगलनं डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या जाहिरात-सेवांचे नियम सैल करत असल्याचं सांगितलं, आणि १६ फेब्रुवारी २०२५ पासून जाहिरातदारांवरची फिंगरप्रिंटिंगची बंदी उठली. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयानं या निर्णयाला बेजबाबदार म्हटलं. मला हा शब्द योग्य वाटतो. जे २०१९ मध्ये चूक होतं, ते जाहिरातीचा धंदा बदलला म्हणून बरोबर होत नाही.

म्हणून कायदा हवा. तू राहतेस तिथे युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण यंत्रणांच्या गटानं २०१४ मध्येच मत दिलं, की यंत्राचा ठसा घ्यायलाही कुकीप्रमाणेच संमती लागते. तुझा तो हक्क आहे, तो वापर. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई करणारं कलम त्यात आहे. तुझा धाकटा भाऊ दिवसभर फोन घेऊन बसतो, त्याच्यासाठी हे कलम आहे. पण ज्याची खूण मागे राहत नाही, त्याची तक्रार करणार कोण? ही अडचण सोडवायची तर कायदा राबवणाऱ्यांकडे संकेतस्थळं तपासणारी माणसं आणि साधनं लागतील, आणि ती मागायचं काम आपलं आहे.

शेवटी जे सांगायचं होतं ते सांगते. "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" असं तुझे मित्र म्हणतील. त्यांना सांग, लपण्याची खरी गरज दुसऱ्या कोणाला तरी असते. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या घरातून बाहेर पडायचा मार्ग शोधणारी बाई, भ्रष्टाचाराचे कागद पत्रकाराला देणारा कारकून, आपला आजार अजून घरी न सांगितलेला मुलगा. टॉर ब्राउझर फक्त अशाच लोकांनी वापरला, तर तो वापरणं हीच त्यांची ओळख ठरेल. तुझ्यासारख्या साध्या विद्यार्थ्यांनी, माझ्यासारख्या म्हाताऱ्या माणसांनी, रेसिपी आणि रेल्वेचं वेळापत्रक बघणाऱ्यांनी तो वापरला, तर त्यांना आडोसा मिळेल. मतदान सगळ्यांसाठी गुप्त आहे म्हणून एकट्यादुकट्याचंही मत गुप्त राहतं. इथेही तसंच आहे.

म्हणून या आठवड्यात आपल्या ब्राउझरचं सेटिंग बदल, आणि मग मंडळातल्या चौघांना बसवून त्यांचंही बदलून दे. तू एकटीनं कितीही काळजी घेतलीस तरी ती अर्धीच राहील. सगळ्यांनी मिळून घेतली, तरच ती पुरेल.

तुझी,
आत्या