घोळक्याची नजर

मराठी प्रवासवर्णनांत एक प्रसंग ठरलेला असतो. लेखक एखाद्या जुन्या चर्चच्या दाराशी एकटाच, अंतर्मुख वगैरे होऊन उभा असतो. तेवढ्यात समोर बस थांबते आणि आपल्याकडच्या माणसांचा घोळका खाली उतरतो. मोठमोठ्याने बोलणारा, चिवड्याची पुडी फोडणारा, ‘बाथरूम कुठाय’ विचारणारा. लेखकाची समाधी मोडते आणि पुढचा परिच्छेद पर्यटक आणि प्रवासी यांच्यातल्या फरकावर खर्ची पडतो. हा परिच्छेद मी इतक्यांदा वाचला आहे की आता माझा जीव चिवडेवाल्यांच्या बाजूने ओढतो.

दक्षिण इंग्लंडात मी नुकताच अशाच एका घोळक्यातून हिंडून आलो. रेडिंगला स्थायिक झालेला भाऊ, वहिनी, तिथेच जन्मलेला त्यांचा मुलगा, सोलापूरकडचे काका-काकू, सावंतवाडीच्या आत्या आणि मी. नऊ सीटची भाड्याची गाडी, मागे डबे. तिथेही गाड्या डावीकडूनच चालत असल्यामुळे काकांना प्रत्येक राउंडअबाउटला भावाला सल्ला देता येत होता, आणि ते ती संधी सोडत नव्हते. एकांत म्हणून कुठे मिळाला नाही. पण एकांतात जे दिसतं तेच खरं पाहणं, ही समजूत आपण कुठून उचलली, हा विचार मात्र त्या गाडीत बसूनच मला करता आला.

ती समजूत फार जुनी नाही. इंग्लंडात तर मुळीच नाही. चॉसरने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ‘कँटरबरी टेल्स’ लिहायला घेतलं, त्यातले यात्रेकरू लंडनजवळच्या सदर्कमधल्या खानावळीत जमतात आणि थॉमस बेकेटच्या समाधीकडे निघतात. सरदार, गिरणीवाला, जोगिणी, पाच नवरे झालेली बाथकडची बाई, सगळे एकत्र. वाटेत वेळ जावा म्हणून खानावळीचा मालक प्रत्येकाने गोष्टी सांगायच्या असं ठरवतो. मग भांडणं होतात, एकमेकांना टोमणे बसतात, कुणी प्यायलेला मधेच बोलू लागतो. वाटेवरच्या निसर्गाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. आणि पुस्तक अपुरं राहिल्यामुळे ही मंडळी कँटरबरीच्या समाधीपाशी पोचतच नाहीत. इंग्रजी साहित्याचा इतका मोठा आधारस्तंभ म्हणजे एका ग्रुप टूरमधल्या गप्पा आहेत.

एकट्याने निसर्गासमोर उभं राहायची रीत त्यानंतर जवळपास चारशे वर्षांनी आली, आणि ती आणणाऱ्यांत विल्यम गिल्पिन नावाचा पाद्री पुढे होता. वाय नदीतून त्याने 1770 मध्ये केलेल्या प्रवासाचं पुस्तक 1782 साली निघालं. चित्रात शोभेल ते दृश्य बघण्याजोगं, हा त्याचा निकष. चित्रात दूरवर डोंगर हवेत, मधे पाणी, जवळ एखादं वाकडं झाड आणि जमल्यास पडका मठ. टिंटर्नच्या मठाच्या भिंती त्याला जरा जास्तच सरळ वाटल्या. कुणी बेताने हातोडा चालवला तर बरं होईल, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्या काळी हौशी लोक खिशात एक छोटा, किंचित फुगीर, काळपट आरसा बाळगत. सुंदर जागी पोचलं की दृश्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आरशात दिसणारं चित्र बघायचं. क्लोद लोरँ या चित्रकाराच्या नावाने तो ओळखला जाई. सेल्फी काढणाऱ्या मुलांना नावं ठेवणाऱ्या रसिकांच्या कुळाचा मूळ पुरुष असा दृश्याकडे पाठ करून उभा आहे.

जेन ऑस्टिनने ही गंमत तेव्हाच ओळखली होती. ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’तली कॅथरीन बाथजवळच्या टेकडीवर चढते आणि नुकत्याच ऐकलेल्या चित्रकलेच्या धड्याच्या जोरावर अख्खं बाथ शहर चित्रात घेण्याच्या लायकीचं नाही म्हणून निकालात काढते. त्याच टेकडीवर आमच्या काकूंनी शहराकडे बघून विचारलं, एवढ्या एकसारख्या घरांत आपलं घर कसं ओळखत असतील? अर्धवर्तुळाकार रॉयल क्रेसेंटबद्दल याहून नेमका प्रश्न मी वास्तुकलेच्या पुस्तकात वाचलेला नाही. पुढून सगळी तीस घरं शिस्तीत एकसारखी, आणि मागून ज्याचं त्याने मनाला येईल तसं बांधलेलं, ही त्या इमारतीची खरी गोष्ट आहे. काकू तिच्या उंबरठ्यापर्यंत चित्राशिवायच पोचल्या होत्या.

घोळक्यात नजर विखुरते हे मला मान्य आहे. पण विखुरलेली नजर जास्त जागा धुंडाळते. बाथच्या रोमन स्नानगृहांत आम्ही सगळे आधी त्या हिरव्या पाण्याशी उभे राहिलो. दिवसाला अकरा लाख लिटरहून जास्त, 46 अंशांचं गरम पाणी जमिनीतून वर येतं, हे मुलाने वाचून दाखवलं. मी खांब बघत होतो, काका पाण्याचा निचरा कुठे होतो ते शोधत होते. आत्या मात्र आत एका काचेसमोर थांबून राहिल्या. तिथे शिशाचे पातळ पत्रे आहेत, बोटभर रुंद, काही अजून घडी घातलेले. चोरी झालेल्या माणसाने देवीला लिहायचं आणि पत्रा झऱ्यात टाकायचा. असे 130 च्या आसपास पत्रे तिथे सापडले. एकाचा टोपीवाला झगा चोरीला गेला होता. चोर बाई असो की पुरुष, गुलाम असो की मोकळा, झगा देवळात आणून टाकेपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस, मूल होऊ देऊ नकोस, असं त्याने सुलिस मिनर्व्हाला सांगितलं आहे. पुतण्याने त्याचं मराठी करून सांगितलं तेव्हा आत्या म्हणाल्या, “ह्यां तर आमचां गाऱ्हाणां!” मग गुरव देवापुढे उभा राहून कोणतीही पळवाट न ठेवता सगळ्या शक्यता कशा मोजतो, हे त्यांनी तिथेच आम्हांला म्हणून दाखवलं. दोन इंग्रज बायका थांबून ऐकत होत्या. त्या खोलीत त्या दुपारी त्या पत्र्यांचा अर्थ सगळ्यांत नीट आत्यांना कळला होता, आणि मी एकटा असतो तर खांब बघून बाहेर पडलो असतो.

स्टोनहेंजची तर आणखीच मजा. ए-303 हा रस्ता त्या दगडांपासून दोनशे मीटरच्याही आतून जातो. एम्सबरीकडून येताना गाडी चढावर आली की उजव्या हाताला ते एकदम दिसतात, आणि सगळ्यांचा पाय ब्रेकवर जातो. या कोंडीवर उपाय म्हणून तीनेक किलोमीटरचा बोगदा काढायची योजना कैक वर्षं गाजत होती. 2024 साली सरकारने ती गुंडाळली. बोगद्याला विरोध करणाऱ्यांत पुरातत्त्ववाले होते, तसेच पर्यावरणवालेही होते. माझा विरोध फार सामान्य कारणासाठी आहे. तिकीट न काढता, कामावर जाता-येता, मुलांशी भांडता भांडता साडेचार हजार वर्षांपूर्वीचं काही दिसावं, असे रस्ते जगात थोडेच उरलेत. सेसिल चब नावाच्या वकिलाने 1915 मध्ये लिलावात 6,600 पौंडांना ती जागा घेतली आणि तीन वर्षांनी देशाला देऊन टाकली, तेव्हा प्रवेश फी एक शिलिंगच्या वर जाऊ नये अशी त्याची अट होती. आजचं तिकीट पाहून काकांनी सात जणांचा हिशोब रुपयांत केला आणि बराच वेळ बोलले नाहीत.

आणि स्टोनहेंज हे एकट्याने चिंतन करायचं ठिकाण आहे, हीसुद्धा चित्रकारांची देणगी. पंचवीस-पंचवीस टनांचे ते मोठे दगड पंचवीसेक किलोमीटरवरून ओढत आणलेले, लहान निळसर दगड थेट वेल्समधून. ही शेकडो हातांची कामं. तीनेक किलोमीटरवर डरिंग्टन वॉल्सला त्या काळच्या वस्तीचे अवशेष मिळाले, त्यांत डुकरांच्या हाडांचे ढीग. दातांवरून जनावरांचं वय काढलं तर बरीचशी ऐन हिवाळ्यात कापलेली. काही जनावरं फार लांबून हाकत आणलेली. म्हणजे दूरदूरची माणसं खाण्यापिण्याची सोय बरोबर घेऊन, कुटुंबकबिल्यासह इथे जमत असत. आम्ही पार्किंगच्या कडेला गवतावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उघडली, तेव्हा त्या मैदानाच्या परंपरेशी आमचंच जास्त जुळत होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

घोळक्याचं सगळंच चांगलं, असं मात्र नाही. आवाजाचा मला त्रास होत नाही, यादीचा होतो. सात माणसं एकत्र निघाली की कुणाचं काही राहायला नको म्हणून यादी होते, आणि यादी झाली की ती पुरी करणं हेच काम होऊन बसतं. सॅलिसबरीच्या कॅथीड्रलमध्ये 1215 च्या मॅग्ना कार्टाच्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक आहे. आम्ही तिच्यासमोरून रांगेने पुढे सरकलो, जसे पुढच्याचा धक्का लागेल तसे. राजालाही कायदा लागू आहे असं ज्यावर लिहिलं तो कागद नव्हता, चामडं होतं, एवढंच मला आठवतं. त्या दिवशीच्या यादीत आणखी दोन ठिकाणं होती. कोणती, ते आठवत नाही.

ब्रायटन यादीत असणारच होतं. मराठी माणूस तिथे पाण्यात पाय बुडवायला जात नाही, तो सावरकरांसाठी जातो. 1909 साली याच किनाऱ्यावर त्यांना ती समुद्राला उद्देशून लिहिलेली कविता सुचली. वाळूच्या अपेक्षेने गेलेल्याला तिथे पायाला बोचणारे गोटे मिळतात, हा पहिला धक्का. काकांनी चपला हातात घेतल्या आणि लगेच परत घातल्या. त्या कवितेतला एकटेपणा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, आणि मंगेशकर भावंडांच्या आवाजात तो इतका मोठा झाला आहे, की त्या वेळी सावरकरांच्या शेजारी कुणी बसलेलं असेल हे डोक्यातच येत नाही. पण बिपिनचंद्र पालांचा मुलगा निरंजन त्यांच्यासोबत होता. ओळी जुळत होत्या आणि सावरकरांचे डोळे वाहत होते, ही आठवण पुढे त्यानेच सांगितली. भाषा न कळणारा एक सोबती जवळ होता म्हणून तो प्रसंग आपल्यापर्यंत आला. हाच निरंजन पाल पुढे मुंबईला आला आणि बॉम्बे टॉकीजच्या ‘अछूत कन्या’ची कथा त्याने लिहिली.

किनाऱ्यापासून चालत पाच-दहा मिनिटांवर रॉयल पॅव्हिलियन आहे, घुमट आणि मिनार लावलेला राजाचा हौसेचा महाल. पहिल्या महायुद्धात, 1914 च्या अखेरीपासून तिथे जखमी हिंदी सैनिकांचं रुग्णालय होतं. झुंबरांखाली खाटा लावलेले फोटो आत एका दालनात आहेत. नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं होती; हिंदूंचं पाणी वेगळं, मुसलमानांचं वेगळं, नळांवर उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत पाट्या. सरकारने किती काळजी घेतली बघा, असा त्या मांडणीचा सूर आहे, आणि काळजी घेतलीही होती. पुतण्याने विचारलं, “पण नळ दोन कशाला? पाणी एकच ना?” सगळ्यांनी एकदम उत्तर दिलं आणि कुणाचंच त्याला पटलं नाही.

न्यू फॉरेस्टमध्ये आम्ही थांबणार नव्हतो. तिथल्या वळणांत वहिनींना गाडी लागली म्हणून ब्रॉकनहर्स्टच्या जुन्या चर्चजवळ थांबावं लागलं. त्या चर्चच्या आवारात न्यूझीलंडच्या सैनिकांच्या कबरी आहेत, आणि एक दगड सुखाचा आहे. हा सुखा इथल्या हिंदी रुग्णालयात झाडूवाला होता, 1915 च्या जानेवारीत वारला. अस्पृश्य म्हणून हिंदूंच्या चितेवर त्याला जागा नव्हती, आणि मुसलमान नसल्यामुळे वोकिंगच्या दफनभूमीतही नव्हती, असं सांगतात. शेवटी इथल्या पाद्र्याने त्याला आपल्या आवारात घेतलं, आणि गावकऱ्यांनी पैसे जमवून दगड उभा केला. इथून पाचेक किलोमीटरवर बोल्डर नावाचं खेडं आहे. गिल्पिन त्याच गावचा पाद्री होता आणि तिथेच तो पुरलेला आहे. हे जंगल कसं बघावं यावर त्याने दोन खंड लिहिले.

काकांनी तो दगड दोनदा वाचून घेतला. गाडी सुटल्यावर पुतण्याने नळांचा विषय पुन्हा काढला, आणि या वेळी काकांनी आपल्या गावच्या विहिरीबद्दल सांगायला सुरुवात केली: कोणती कुणाची, पोहरा कोण लावायचं, कोण लांब उभं राहायचं. आपल्या वडिलांचं नाव घेऊन सांगितलं. भाऊ पन्नाशीला आला आहे, त्याने हे पहिल्यांदा ऐकलं. काकू म्हणाल्या, आमच्या माहेरी असलं काही नव्हतं. काका म्हणाले, तुला कुणी सांगितलं? हा वाद साउथॅम्प्टन मागे टाकून एम-3 वर विंचेस्टरच्या सर्व्हिसेसपर्यंत चालला. तिथे चहा घ्यायला उतरल्याबरोबर काकूंनी, भारतात रात्रीचे साडेअकरा वाजलेत हे न बघता, आपल्या थोरल्या भावाला फोन लावला.