गृहस्थाचा परिग्रह : ठेवावे काय, सोडावे काय?

भिक्षुकाच्या परिग्रहाविषयी शास्त्रात संदेह उरलेला नाही. अटन, विजन, भिक्षा, भोजन, निद्रा या क्रमात ज्याचा दिवस संपतो, त्याला कोठाराची गरजच पडत नाही. परक्या प्रांती, वृक्षाच्या आश्रयाने आयुष्य वेचावे असा ज्याला आदेश आहे, त्याच्यापुढे माळ्यावर काय ठेवावे हा प्रश्न येण्याचे कारण नाही. कारण त्याला माळाच नाही. परंतु वासनिकाचे तसे नाही. त्याला शेत आहे, लेकरेबाळे आहेत, वृद्ध मातापिता आहेत, आणि एका पिकापासून दुसऱ्या पिकापर्यंतचे धान्य साठवणे हे त्याचे कर्तव्य आहे. त्याला ‘काहीच ठेवू नको’ असे सांगणे म्हणजे गृहस्थाश्रमच सोड असे सांगणे होय. आणि ‘सारेच ठेव’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय. म्हणून परिग्रहाचा खरा विचार भिक्षुकापेक्षा वासनिकालाच अधिक करावा लागतो, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

हा विचार गोंदिया जिल्ह्यात आज केवळ ग्रंथातला राहिलेला नाही. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा धानाचा मुलूख. येथील जुनी घरे मातीच्या भिंतींची, वर कवेलू, पुढे ओसरी, आत माजघर, मागे गोठा आणि डोक्यावर माळा. अशा घरांत तीन-चार पिढ्यांच्या वस्तू एकमेकींवर रचल्या गेल्या. कारण घराला जागा होती आणि काढून टाकण्याचे काही कारण नव्हते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतील घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आहे. जुने घर पाडून त्याच जागी घरकुल बांधायचे तर प्रथम सगळी चीजवस्तू अंगणात काढावी लागते, आणि भिंती उभ्या राहिल्यावर कळते की अंगणातले निम्मेही आत जाणार नाही.

उदाहरणादाखल तिरोडा तालुक्यातील असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. अंगणात शेणामातीने लिंपलेली बांबूची ढोली आहे. दगडी जाते आहे, उखळ-मुसळ आहे, धान मोजण्याची पायली आहे. भंडारा हे पितळी भांड्यांचे प्रसिद्ध गाव. तिथून आणलेले गुंड, हंडा, परात काळवंडून पडले आहेत. लग्नात आलेली, नावे कोरलेली स्टीलची भांडी आहेत, ती तर कधी वापरलीच नाहीत. एक लाकडी पेटी आहे, तिची किल्ली घरातल्या म्हाताऱ्या मायच्या कनवटीला. शिवाय बंद पडलेला रेडिओ, मोडका पाळणा, दोऱ्याने बांधलेले शाळेच्या पुस्तकांचे गठ्ठे. आणि तांबड्या वस्त्रात गुंडाळलेली एक हस्तलिखित पोथी. लेक आणि सून यांच्या हातांत दोन दिवस आहेत. तिसऱ्या दिवशी भंगारवाल्याची गाडी यायची आहे.

येथे पहिले उत्तर सोपे वाटते : ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही ती काढावी. हत्यारापुरते हे उत्तर योग्यच आहे. धान पूर्वी ढोलीत पडत असे आणि लागेल तसे उखळात कांडले जाई. आता मळणी होताच ते कट्ट्यांत भरून आधारभूत खरेदी केंद्राकडे जाते आणि घरापुरते गिरणीतून तांदूळ होऊन येते. ढोली रिकामी राहिली यात कोणाचाही दोष नाही. तिचे काम संपले. पण उपयोग हेच एकमेव माप धरले, तर ते वस्तूंपाशी थांबत नाही. ज्या घरात ‘याचा आता उपयोग काय’ हा प्रश्न दिवसभर मोठ्याने विचारला जातो, त्या घरात ओसरीवर बसलेली, डोळ्यांना कमी दिसणारी म्हातारी तो ऐकत असते.

दुसरे उत्तर संबंधाचे आहे, आणि महानुभावास ते सहज टाळता येणार नाही. ‘हे आईच्या हातचे’, ‘हे आजोबांनी आणलेले’ असे म्हणून माणूस वस्तू धरून ठेवतो. यावर कोणी उपदेशी चटकन म्हणेल की हा मोह आहे. स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषेकरून आप्तांचा संबंध त्याज्य असे सर्वज्ञांनी निरूपिले आहे. ते खरे आहे. परंतु त्याच उपदेशीच्या घरी विशेष वंदिले जातात, प्रसाद मस्तकी लावला जातो, स्थानाच्या ओट्यापुढे दंडवत घातले जाते. पाषाण हा पाषाणच असतो. त्याला वंद्य केले ते परमेश्वर-अवताराच्या संबंधाने. म्हणजे एकीकडे संबंध सोडावा आणि दुसरीकडे संबंधामुळेच वस्तू वंदावी, असे दोन्ही एकाच मार्गात आहे. विरोधाभास दाखवून हसणारे हसोत. परंतु या दोहोंतील भेद नीट उलगडला तर अंगणातल्या वस्तूंचा बराचसा निवाडा होतो.

भेद असा. प्रसादाचे वा स्थानाचे महत्त्व नुसत्या ‘कोणाचे तरी’ असण्यात नाही. अमुक स्थानी अमुक लीळा झाली, हे नावानिशी सांगता यावे लागते. त्याचसाठी पूर्वजांनी स्थानपोथीसारखा ग्रंथ सिद्ध केला आणि गावे, देवळे, त्यांच्या दिशासुद्धा नोंदवून ठेवल्या. ज्याचा संबंध कोणालाच ठाऊक नाही, तो दगड विशेष ठरत नाही. प्रसाद स्मरणासाठी आहे. स्मरण थांबले की उरते ते जतन, आणि नुसत्या जतनाला साठवण म्हणतात. आता हेच माप खालच्या पायरीवर लावून पाहावे. आईची म्हणून ठेवलेली परात वीस वर्षे माळ्यावर पालथी पडली होती आणि तिच्याकडे पाहून आईची आठवण कोणालाच झाली नव्हती. आठवण झाली ती परात काढून टाकण्याची वेळ आली तेव्हा. मग वीस वर्षे तिथे ठेवले होते ते काय? उलट रोज पाणी पिण्याचा साधा तांब्या, ज्यावर आजोबांच्या हातचा पोचा आहे आणि ज्याची गोष्ट नातवाला ठाऊक आहे, तो उपयोगानेही घरात बसतो आणि संबंधानेही.

मात्र ‘खालची पायरी’ हे शब्द विसरू नयेत. आप्त हा जीव आहे. त्याच्या वस्तूविषयी कृतज्ञता असावी, पण ती वस्तू तारक नव्हे. आईचे छायाचित्र आणि विशेष एकाच फळीवर मांडून दोहोंना एकच फूल वाहणे, हे अलीकडे पुष्कळ घरांत दिसते. त्यात आईचा मान वाढत नाही, आणि उपासनेत मात्र मिश्रण होते.

आठवण वस्तूवाचून टिकत नाही, ही भीती लोकांच्या मनात खोल असते. या भीतीस पंथाच्या इतिहासात उत्तर आहे. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडून लीळा मिळवून लीळाचरित्र सिद्ध केले. खल्जीच्या स्वारीच्या काळातील धाडीत त्याची मूळ प्रत गेली. यापेक्षा मोलाची वस्तू पंथापाशी दुसरी कोणती होती? तरीही ग्रंथ गेला नाही, कारण तो अनेकांच्या मुखी होता. त्यांच्या स्मरणातून त्याचे पाठ पुन्हा उभे राहिले. त्या पाठांत परस्पर भेद आहेत हेही खरे, आणि त्यांवर अभ्यासकांनी पुष्कळ श्रम घेतले आहेत. पण प्रत गेली म्हणून स्मरण गेले असे झाले नाही.

इतके झाले तरी मुख्य प्रश्न अद्याप बाजूलाच आहे. तो म्हणजे, सोडावयाची वस्तू कोणाची? अंगणातल्या ढिगाचा निवाडा करणारे बहुधा लेक-सून असतात आणि ढीग असतो म्हातारीचा. पुष्कळदा तिला चार दिवस मुलीच्या गावी धाडले जाते. ती परतते तोवर गाडी येऊन गेलेली असते. मग सांगितले जाते, ‘माय, आता किती मोकळं झालं पाहा.’ यात कोणी दुष्ट नसतो. लेकाला खरेच जागा नसते, आणि मायला विचारले तर ती चिंधीसुद्धा सोडणार नाही हा त्याचा अनुभव असतो. पण याला त्याग म्हणता येईल काय?

लीळाचरित्राच्या एकांकातील प्रसंग येथे आठवावा. हरिपाळदेव द्यूतात हरले आणि घरी येऊन त्यांनी कमळाइसेकडे तिचे अलंकार मागितले. तिने दिले नाहीत. पुढे वडिलांनी ते देणे फेडले. परंतु या प्रसंगापासून त्यांच्या ठायी औदास्य प्रकट झाले, आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते भडोचहून निघाले. प्रवचनात हा प्रसंग बहुधा कमळाइसेच्या आसक्तीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. ती आसक्ती नव्हती असे नाही. परंतु प्रसंगाचा पुढचा भाग अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. अलंकार तिचे होते, ते तिच्यापाशीच राहिले. ते बळाने काढून घेतले गेले नाहीत, तिच्या गैरहजेरीत पेटी उघडली गेली नाही. जे सोडले गेले ते ज्याचे होते त्यानेच सोडले : राजप्रधानाचा वाडा, मानमरातब, आणि वाटेत एकेक करून बरोबरचा परिवारही. प्रपंच असार आहे हे उमगल्यावर दुसऱ्याच्या हातून तो सोडविण्याचा आग्रह तेथे नाही. स्वतः निघून जाणे आहे. याच मुलखाशी संबंध असलेले भंडाऱ्याचे नीळभट्टही स्वामींच्या मागे निघाले ते आपल्या पायांनी.

तेव्हा दुसऱ्याच्या वस्तूचा त्याग असा काही प्रकार शास्त्रात बसत नाही. त्याला हिरावणे म्हणतात, मग हेतू कितीही शुद्ध असो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला आणि काठच्या कित्येक घरांतून ढोली, भांडी, कपडे वाहून गेले. ती माणसे विरक्त झाली असे कोणी म्हटले नाही. याच जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, प्रतापगडच्या परिसरात, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. मायदेश सोडताना पाठीवर मावेल तेवढेच जवळ घेऊन निघावे लागलेल्या लोकांची ती वसाहत. त्यांच्या भिक्षूंनी आपणहून सोडले ते आणि स्वारीने सोडावयास लावले ते, या दोहोंना ते लोकही एक मानणार नाहीत. पाण्याने नेले काय, सैन्याने नेले काय, किंवा प्रेमळ मुलाने भंगारवाल्याला दिले काय, ज्याचे गेले त्याच्या मनाला जी इजा होते ती सारखीच. अहिंसेचा विचार मुंगीपर्यंत नेणाऱ्या मार्गात, आईच्या पेटीपाशी तो थांबावा हे चमत्कारिक आहे.

यावर रास्त आक्षेप असा की, म्हातारी काहीच सोडणार नसेल तर २६९ चौरस फुटांत संसार मांडायचा कसा? आक्षेप खरा आहे, आणि ‘तिच्या मृत्यूची वाट पाहा’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. पण तिला विचारले जाते ते कसे, यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘हे टाकू का?’ असे विचारले तर कोणीही ‘नको’च म्हणेल. ‘हे कुठून आलं?’ असे विचारले तर ती बोलू लागते. पायली कोणाच्या वाटणीत आली, गुंड कोणत्या सालच्या रोवणीच्या मजुरीतून घेतला, पाळण्यात किती लेकरे वाढली आणि किती वाढली नाहीत. हे नातवंडांनी ऐकले की वस्तूतले स्मरण वस्तूबाहेर येते. आणि मग पुष्कळदा तीच म्हणते, ‘ने बापा, कोणाच्या कामी पडत असंल तर.’ सगळ्याच वस्तूंचे असे होत नाही. दोन-चार उरतात, आणि त्यांना जागा करावीच लागते. याला दोन दिवस पुरत नाहीत. भंगारवाल्याची गाडी पुढे ढकलता येते.

सोडलेली वस्तू जाते कोठे, हाही प्रश्न आहे. फाटके लुगडे, गळका हंडा, तीन पायांची खुर्ची आश्रमात नेऊन ठेवावी आणि ‘दान केले’ म्हणून समाधान मानावे, ही रीत बरीच रूढ झाली आहे. भिक्षुकाला परिग्रह वर्ज्य. त्याच्या दारात गृहस्थाने आपला परिग्रह आणून टाकावा यात दान किती आणि सुटका किती, हे देणाऱ्यानेच पाहावे. चालू स्थितीतील भांडे नुकत्याच वेगळ्या झालेल्या संसारास द्यावे. मोडके ते सरळ मोडीत घालावे आणि त्याला मोडच म्हणावे.

राहिली तांबड्या वस्त्रातली पोथी. ती सकळी लिपीत आहे. घरात ती लिपी वाचणारे कोणी नाही. आजोबांना येत होती. दरवर्षी वस्त्र बदलले जाते, फूल वाहिले जाते, आणि आतून वाळवी पाने पोखरते आहे. घरकुलाच्या कोनाड्यात तिला जागा आहे, म्हणून ती ठेवावी असे सर्वांचे मत पडते. पोथी घराबाहेर देणे म्हणजे पाप असे सून म्हणते. वस्तुतः साऱ्या ढिगात हाच निवाडा सर्वांत अवघड आहे, कारण येथे उपयोग नाही असे म्हणवत नाही, संबंध आहे आणि तो थोर आहे. परंतु लिहिणाऱ्याने ती लिहिली ती वाचणाऱ्यासाठी. जेथे ती लिपी जाणणारे कोणी आहे, अशा स्थानी ती गेली, तिच्या पानांची छायाचित्रे घेतली गेली आणि ती कोणत्या घरून आली याची नोंद राहिली, तर पोथीचा संबंध तुटत नाही, उलट अनेक वर्षांनी प्रथमच जुळतो. अशा घरची म्हातारी एवढीच अट घालील : नेणाऱ्याने नेण्याआधी ती ओसरीवर बसून एकदा वाचावी, पूर्ण नाही तर दोन पाने तरी, म्हणजे तिच्या सासऱ्याने इतकी वर्षे काय वाचले ते तिला कळेल.