प्रभाच्या मनातलं कोणाला ठाऊक?

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी लहानसं चित्रपट मंडळ चालवते. महिन्यातून एक सिनेमा आणि नंतर गप्पा. या वेळी मुलामुलींनी हलकीफुलकी प्रेमकथा मागितली. माझ्या मनात पहिलं नाव आलं ते बासू चटर्जींच्या ‘छोटी सी बात’चं. पण त्यांच्यातल्याच एका मुलीनं नुकतंच मला सांगितलं होतं, की एक मुलगा रोज बसथांब्यापासून घरापर्यंत तिच्या मागे येतो. बोलत काहीच नाही, नुसता मागे येतो. तेव्हापासून हा सिनेमा दाखवावा की नाही, हे मला ठरवता येईना. मला तर्कशास्त्र शिकवणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या बाईंकडे मी हा प्रश्न घेऊन गेले.

मी: बाई, सिनेमा मला अतिशय आवडतो आणि तोच दाखवायला मन धजत नाही. अरुण रोज थांब्यावर प्रभाची वाट बघतो, तिच्या मागोमाग तिच्या ऑफिसपर्यंत जातो, तोंडातून शब्द काढत नाही. आपण हसतो. त्या मुलीला हसू येईल का?

बाई: आधी आवडतो का ते सांग. आवडण्याचं कारण कळल्याशिवाय दोषही नीट सापडत नाही.

मी: माणसं आपल्यासारखी आहेत म्हणून. १९७५ साली ‘दीवार’ आला, अन्यायानं पेटलेला नायक घेऊन. पुढच्याच वर्षी अमोल पालेकरांचा हा अरुण आला. त्याला कुणाचा सूड घ्यायचा नाही. नोकरी करतो, बसच्या रांगेत उभा राहतो, आणि आवडत्या मुलीशी कसं बोलावं एवढंच त्याचं संकट. जहांगीर आर्ट गॅलरीतल्या समोवार कॅफेत बसून दोन माणसं खातात-पितात, हीसुद्धा गोष्ट होऊ शकते असं या सिनेमानं मानलं. साध्या माणसाच्या मनातल्या चलबिचलीला इतका मान क्वचित मिळतो.

बाई: आणि गोड शेवट? ती पळवाट आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत.

मी: मला नाही तसं वाटत. आपल्याकडे लग्न जुळवताना पत्रिका बघतात, पगार, उंची, घर बघतात. या दोघांना एकमेकांच्या बोलण्यावर हसू येतं का, हे कोणी विचारत नाही. रोमँटिक कॉमेडी हाच प्रश्न सगळ्यांत आधी विचारते. सतीश राजवाडे यांच्या २०१० सालच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त मुलगी स्थळाला नकार कळवायला पुण्याला येते आणि तिचा सबंध दिवस एका अनोळखी मुलाबरोबर जातो. दोघं चालतात, बोलतात, वाद घालतात. पडद्यावर एवढंच घडतं आणि ते पुरतं, कारण बोलता बोलता दोघं बरोबरीची होत जातात. ही आशा मला खोटी वाटत नाही.

बाई: चांगलं. आता दोष. अरुण मागे येतो याचा प्रभाला त्रास होतो का?

मी: नाही. तिला ते कळलेलं आहे आणि त्याची गंमत वाटते. मैत्रिणीपाशी ती त्याच्याबद्दल बोलते. हा एकदाचा बोलेल कधी, याचीच ती वाट बघते आहे.

बाई: मग अन्याय कुठे झाला? जिच्या मागे तो जातो तिला तो हवाच आहे.

मी: पण बाई, हे आपल्याला माहीत आहे. अरुणला कुठे माहीत आहे?

बाई: हां, आता धागा हाती आला. तो सोडू नकोस. प्रभाच्या मनात काय आहे ते दिग्दर्शक आपल्याला आधीच दाखवून ठेवतो. म्हणून अरुण मागे गेला की आपल्याला भीती वाटत नाही, लोभस वाटतं. तिच्या बाजूचा तो एक प्रसंग काढून टाक. मागे काय उरेल?

मी: एक पुरुष एका बाईच्या मागे रोज जातो आहे, एवढंच. आणि २०१३ पासून आपल्या कायद्यात नको असलेला पाठलाग हा गुन्हा आहे.

बाई: म्हणजे कृती तीच राहते. आपल्याला तिच्या मनातलं माहीत असणं तेवढं बदलतं. प्रेक्षकाला मिळालेलं हे ज्ञान रस्त्यावरच्या माणसाला कधीच नसतं. त्या मुलीच्या मागे येणारा मुलगा स्वतःच्या सिनेमाचा नायक असेल, पण तिच्या मनातला प्रसंग त्याला कोणी दाखवलेला नाही. तरी तो खात्री बाळगून चालतो.

मी: म्हणजे तो सिनेमातून पाठलाग उचलत नाही, खात्री उचलतो.

बाई: असं मला वाटतं. गोष्ट खोटी आहे हे पोरांना पक्कं कळतं. पण गोष्ट संपल्यावर ‘शेवटी ती हो म्हणणारच’ ही भावना मागे राहते. तिला खोटं ठरवायचं राहून जातं.

मी: मग मला वेगळीच शंका येते. प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त ठाऊक असणं हा तर विनोदाचा पायाच आहे. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ घ्या. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर संशय घेतात, खरं काय ते आपल्याला माहीत असतं, म्हणून तर नाट्यगृह हसून लोटपोट होतं. हे ज्ञानच दोषी धरलं तर विनोदी नाटक-सिनेमा सगळाच बाद करावा लागेल.

बाई: नाही, तेवढी घाई नको. ‘संशयकल्लोळ’मध्ये आपण कशाला हसतो?

मी: फाल्गुनरावाच्या खात्रीला. पुरावा नसताना त्याला बायकोबद्दल पक्कं कळल्यासारखं वाटतं, त्याला.

बाई: म्हणजे आपलं जास्तीचं ज्ञान तिथे पात्राच्या खोट्या खात्रीवर उलटतं. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळलं असं मानणाऱ्या माणसाची फजिती होते. आता सई परांजपे यांचा ‘चश्मे बद्दूर’ आठव. १९८१ सालचा.

मी: त्यातले दोन मित्र नेहाला जिंकल्याच्या बढाया मारतात. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी पडद्यावर दिसतात आणि त्या बनावट आहेत हे आपल्याला ठाऊक असतं. प्रत्यक्षात त्यांची फजितीच झालेली असते. नायक सिद्धार्थ मात्र त्या बढायांवर विश्वास ठेवतो आणि नेहाला गमावण्याची वेळ येते.

बाई: पाहिलंस? तीही प्रेमकथाच, तिचाही शेवट गोड. पण हसू येतं ते पुरुषांच्या कल्पनेला. म्हणून कुठलाही असा सिनेमा पाहताना मी एकच विचारते, इथला विनोद कोणाच्या खात्रीला हसतो आहे? दुसऱ्याचं मन ओळखल्याचा आव आणणाऱ्याला हसत असेल, तर तो विनोद माणसाला शहाणं करतो. त्या खात्रीलाच शेवटी बक्षीस देत असेल, तर गोडव्यासकट तो घातक आहे.

मी: मग ‘छोटी सी बात’ कुठे बसतो?

बाई: ते तू सांग. सिनेमा तुझ्या आवडीचा.

मी: दोन्हीकडे. असरानींचा नागेश पिवळी स्कूटर घेऊन ऐटीत येतो, प्रभा आपलीच असं धरून चालतो, आणि त्याच्या आत्मविश्वासाची चांगली जिरते. तिथवर ठीक. पण अरुणचं काय होतं? तो खंडाळ्याला कर्नलकडे जातो. अशोककुमारांचा कर्नल त्याला डाव शिकवतो, कसं बोलायचं, प्रतिस्पर्ध्याला कसं नामोहरम करायचं. तो परत येतो तो नागेशसारखाच पक्क्या खात्रीचा होऊन. म्हणजे अरुणचा संकोच हा आजार आणि खात्री हे औषध, असं सिनेमा मानतो.

बाई: आणि आपल्याला कोणता अरुण आवडतो? खंडाळ्याच्या आधीचा की नंतरचा?

मी: आधीचाच. नंतरच्यामुळे करमणूक होते, पण जीव जडतो तो आधीच्यावर. बाई, तिला आपण आवडतो की नाही हे माहीत नसणं आणि माहीत नाही याची जाणीव असणं, हाच त्याचा सभ्यपणा आहे. या सगळ्या चित्रप्रकाराचं दुखणं मला इथेच दिसतं. ज्या संकोचामुळे नायक आपल्याला जवळचा वाटतो, तोच संकोच हा प्रकार दोन तासांत नाहीसा करून दाखवतो. शेवटी डाव बाजूला ठेवून अरुण खरं बोलतो, तेव्हा कुठे सिनेमा सावरतो.

बाई: थांब, अरुणला इतका मोठा करू नकोस. संकोच होता तर मागे का जायचं? न बोलता रोज मागे जाणं हाही तिच्यावर भारच आहे. तिनं ओळखावं, तिनं समजून घ्यावं, तिनंच वाट बघावी. मुका पाठलाग आणि खंडाळ्याचे डाव यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट होती. सरळ विचारायचं, आणि ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवायची.

मी: ते ‘नाही’ या सिनेमांत नसतंच. असलं तरी ते पुढच्या ‘हो’पर्यंतचा मुक्काम असतं.

बाई: कारण प्रेक्षकालाच ते सोसत नाही. शॉनं ‘पिग्मॅलियन’ लिहिलं तेव्हा नायिका एलायझा तिला शिकवणाऱ्या हिगिन्सची होत नाही हे त्याला स्पष्ट होतं. १९१४ साली लंडनच्या प्रयोगात हिगिन्स झालेल्या नटानं शेवटी तिच्याकडे फुलं भिरकावून प्रेम सुचवलं. शॉ संतापला. पुढे १९१६ साली ती फ्रेडीशी लग्न करते असं सांगणारं लांबलचक टिपण त्यानं नाटकाला जोडलं. तरी १९३८ च्या चित्रपटात ती हिगिन्सकडे परत आलीच. तेच नाटक पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ म्हणून मराठीत आणलं. भक्ती बर्वेंची मंजुळा आठवते ना? ती आपल्या मनात राहिली ती तिला गृहीत धरणाऱ्या माणसापुढे ताठ उभी राहते म्हणून. तिचं लग्न कोणाशी झालं हे फारसं कोणी विचारत नाही.

मी: पण बाई, ‘हो’ची ही भूक का असते, तेही बघायला हवं. आपल्याकडे विचारणंच धोक्याचं आहे. अरुण प्रदीप, प्रभा नारायण. नावं अशी, की जात, गाव काही सहज कळू नये. दोघांच्या मधली अडचण एवढीच, की हा बोलत नाही. ‘सैराट’चा पूर्वार्ध आपण असाच हसत-नाचत बघतो. आर्ची-परश्याचं प्रेम खट्याळ आहे, गाण्यांनी भरलेलं आहे. आर्ची स्वतः पुढाकार घेते, दोघंही मनापासून ‘हो’ म्हणतात. आणि शेवटी जात त्यांचा जीव घेते. तिथे दोघांच्या मनात काय आहे हा प्रश्न सुटलेला असूनही काही सुटत नाही.

बाई: हा दोष मला सर्वांत जड वाटतो. सुखान्तासाठी या सिनेमांनी अडचणी निवडून घेतल्या. गैरसमज ठेवला, लाजरेपण ठेवलं. जात वगळली, मुंबईतली जागेची अडचण वगळली. आणि तरीही विनोदाला हे पेलत नाही असं नाही. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० चा. नव्या जोडप्याला चाळीतल्या भरल्या घरात दोन क्षण एकांत मिळत नाही, यावर सबंध सिनेमा उभा आहे. बासू चटर्जींनी त्यावरूनच ‘पिया का घर’ काढला. इतर सिनेमे जिथे संपतात, तिथे हा सुरू होतो, आणि तरी हसवतो.

मी: मग मी काय करू? ‘छोटी सी बात’ बाजूला ठेवू?

बाई: त्या मुलीला विचारावंसं वाटतं का?

मी: वाटलं होतं. पण मग निवाड्याचं ओझं तिच्यावर पडेल. सगळ्यांच्या आनंदाची जबाबदारी तिची होईल. ते बरोबर नाही. तिची तक्रार मी प्राचार्यांपर्यंत नेली आहे, ते काम वेगळं आणि ते आधी. सिनेमाचं मलाच ठरवायला हवं.

बाई: ठरव तर.

मी: बोलता बोलता मला ‘रजनीगंधा’ आठवला. १९७४ चा. तेच बासू चटर्जी, प्रभा झालेल्या त्याच विद्या सिन्हा, तेच पालेकर, सलील चौधरींचंच संगीत. मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवरचा. त्यात आपण पूर्ण वेळ दीपाच्या मनात बसलेले असतो आणि तिचं तिलाच कळत नसतं, की आपलं प्रेम दिल्लीतल्या बडबड्या संजयवर आहे की मुंबईत पुन्हा भेटलेल्या नवीनवर. नवीनच्या मनात काय आहे हे तिला कळत नाही आणि आपल्यालाही नाही. प्रेक्षकाच्या खुर्चीत बसूनही कसलीच खात्री मिळत नाही. तरी तो रुक्ष नाही, संजयच्या वेंधळेपणाला हसू येतंच.

बाई: म्हणून तो आधी दाखवणार?

मी: हो. या महिन्यात ‘रजनीगंधा’, पुढच्या महिन्यात ‘छोटी सी बात’. एकदा विद्या सिन्हांच्या चेहऱ्यामागचा गोंधळ आतून पाहिला, की तोच चेहरा बसथांब्यावर दिसल्यावर मुलं विचारतील, हिच्या मनात काय चाललंय? यायची सक्ती कोणावरच नसेल.

बाई: आणि एखाद्या मुलाला त्यातून फक्त खंडाळाच आठवला तर?

मी: तसं होऊ शकतं. ते मी थांबवू शकणार नाही. पण हे सिनेमे न दाखवून मी त्याला खात्रीपासून वाचवत नाही. ती त्याला फोनच्या पडद्यावर एकट्यानं पाहिलेल्या शंभर तुकड्यांतून मिळतेच. मंडळात निदान मुली त्याच्या शेजारी बसलेल्या असतील, आणि प्रभाला काय वाटलं असेल यावर त्या त्याच्याहून वेगळं बोलतील. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला माहीत नाही आणि ते विचारावं लागतं, हे त्याला पडद्यावरून कळलं नाही तरी तिथे कळेल. प्रेमात पडण्याआधी एवढं कळलं तर पुष्कळ झालं, असं मी मानते.

बाई: मी तुझ्याइतकी निर्धास्त नाही. पण दाखव. मात्र गप्पांची सुरुवात मुलांना करू देऊ नकोस. आधी बोलू दे ते मुलींना.